प्रमाणपत्र धुराचे की स्क्रूचे?

दिल्लीतील वाहनांच्या प्रदूषणासंबंधी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तयार केलेला अहवाल १ एप्रिल २०२५ रोजी तेथील विधानसभेत मांडण्यात आला. मर्यादेपेक्षा अधिक विषारी वायू सोडणाऱ्या एक लाखाहून अधिक वाहनांना उत्तीर्ण ठरवण्यात आले, एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक वाहने तपासल्याच्या साडेसात हजारांवर नोंदी आढळल्या, ही त्यातील निरीक्षणे वाचून कोणालाही संताप यावा. परंतु हा झाला उघड लबाडीचा भाग. जी लबाडी नोंदीत उमटते ती लेखापरीक्षकाला सापडते. जेथे यंत्र धड आहे, नळी खरोखरच सायलेन्सरमध्ये घातली गेली आहे, छापून आलेले आकडेही खरे आहेत आणि तरीही प्रमाणपत्र निरर्थक आहे, तेथे लेखापरीक्षकाने काय पकडावे? कार्बुरेटर असलेल्या जुन्या दुचाक्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रकारच अधिक रुजलेला आहे.

तो घडतो असा. पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनपाशी मोटारसायकल येते. नळी सायलेन्सरमध्ये जाते आणि पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाच-साडेपाच टक्क्यांवर स्थिरावतो. गाडी नापास होते. मग व्हॅनमधील पोऱ्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतो, कार्बुरेटरच्या अंगाचा एक लहानसा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवतो, इंजिनाचा आवाज किंचित बदलतो आणि आकडा तीनच्या खाली घसरतो. प्रमाणपत्र छापले जाते. दोन चौक ओलांडल्यावर सिग्नलला गाडी बंद पडते, सकाळी ती लवकर सुरू होत नाही, आणि मालक तिला नेहमीच्या गॅरेजात नेतो. मेस्त्री हसतो आणि स्क्रू पूर्वीच्या जागी आणून ठेवतो. प्रमाणपत्राची मुदत सहा महिन्यांची. ज्या अवस्थेचे ते प्रमाणपत्र आहे ती अवस्था सहा तासही टिकत नाही.

यात जादू काहीच नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवा फार झाली की ठिणगी चुकू लागते, गाडी मेस्त्रींच्या भाषेत ‘मिसिंग’ मारते आणि न जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. हवेचे व पेट्रोलचे हे प्रमाण राखण्याचे काम कार्बुरेटरचे. मात्र त्यात पेट्रोल येण्याचे मार्ग दोन असतात. गाडी धावत असताना मुख्य जेट व त्यावर वरखाली होणारी सुई पेट्रोल पुरवते; गाडी जागच्या जागी मंद गतीने चालू असते तेव्हा लहानसा पायलट जेट तेवढा काम करतो. पोऱ्या जो स्क्रू फिरवतो तो या लहान मार्गाचा. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सुई व तिचे भोक झिजले असेल, एअर फिल्टर धुळीने तुंबला असेल, तर धावती गाडी गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पिते व धूर ओकते. ते दुखणे या स्क्रूने बरे होत नाही. चाचणीपुरते झाकले मात्र जाते.

आणि चाचणी होते ती नेमकी गाडी उभी असताना! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमाने उभ्या इंजिनाच्या धुराची तपासणी सांगितली. आरंभी दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइड तेवढा मोजला जाई आणि त्याची मर्यादा ४.५ टक्के होती. अशा चाचणीत स्क्रू हवा तितका फिरवण्यास मोकळीक होती, कारण त्यामुळे वाढणारे हायड्रोकार्बन कोणी पाहतच नव्हते. ही पळवाट १ ऑक्टोबर २००४ पासून बुजवण्यात आली. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या चार स्ट्रोकच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची ३.५ टक्के व हायड्रोकार्बनची दर दहा लाख भागांत ४,५०० भाग अशी दुहेरी मर्यादा लागू झाली. ही सुधारणा स्वागतार्हच होती. पण दोन्ही वायू मोजायचे ते पुन्हा इंजिन मंद चालू ठेवूनच, त्यामुळे कुशल हाताला या दोन मर्यादांमधील वाट शोधणे अवघड गेले नाही.

दोन स्ट्रोकच्या गाड्यांची कथा तर आणखी विलक्षण. त्यांच्या सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या ताज्या मिश्रणाचा काही भाग जळण्यापूर्वीच, ऑइलसह, धुराच्या वाटेने निसटतो. हा रचनेचाच दोष आहे. २००० नंतरच्या अशा गाड्यांना नियमाने हायड्रोकार्बनसाठी ६,००० भागांची, तर त्यापूर्वीच्या दुचाकींना ९,००० भागांची सवलत देऊन हा दोष जणू मान्यच करून टाकला. शिवाय पेट्रोलच्या वाहनाचा दृश्य धूर या चाचणीत मोजलाच जात नाही. निळसर-पांढऱ्या धुराचा लोट मागे सोडणारी जुनी स्कूटर कायदेशीर प्रमाणपत्र बाळगून असते, याचे कोडे पडण्याचे कारण नाही.

या विसंगतीचे दर्शन पुण्याइतके दुसरीकडे क्वचितच घडेल. दुचाकींचे शहर म्हणून ख्याती असलेल्या या गावात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. नवी दुचाकी बाजारात येण्यापूर्वी अशा संस्थेत ती रोलरवर चढवून खरोखर ‘चालवली’ जाते. भारतीय रहदारीसाठी आखलेल्या जुन्या चाचणीत १०८ सेकंदांचे आवर्तन सहा वेळा होई. त्यात वेग वाढवणे, कमी करणे, थांबणे हे सारे असे व वेग ताशी ४२ किलोमीटरपर्यंत जाई. पुढे याहून कडक जागतिक पद्धतही आली. तीच गाडी विकली गेली, चार-पाच पावसाळे रस्त्यावर भिजली, की तिची परीक्षा टेकडीखालच्या पंपावर स्टँडला लावून उभ्या-उभ्याच घेतली जाते. कारखानदाराला एक माप आणि रस्त्याला दुसरे, असा हा न्याय आहे.

उभ्या इंजिनाची तपासणी सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे नाही. चौकात पन्नास दुचाक्या चालू इंजिनानिशी खोळंबलेल्या असतात तेव्हा मधोमध उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या नाकात जातो तो याच अवस्थेतील धूर. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड खरोखर कमी झाला तर ते थोडके नव्हे. पण स्क्रू परत फिरतो, आणि पोलिसाच्या वाट्याला पूर्वीचाच धूर येतो.

दोष व्हॅनमधील पोऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. त्याचे उत्पन्न चाचण्यांच्या संख्येवर अवलंबून. त्याने नापास केले तर गिऱ्हाईक पुढच्या पंपावर जाते. नळी जेथे फूटभर आत जावयास हवी तेथे ती चार बोटे घातली की बाहेरची हवा मिसळून आकडा आपोआप उतरतो. तो तेवढेही न करता निदान स्क्रू तरी फिरवतो! आणि हा मोह केवळ गरिबांचा आहे काय? २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आलेल्या प्रकरणात फोक्सवॅगनसारख्या बलाढ्य कंपनीने लाखो डिझेल मोटारींत अशी संगणकप्रणाली बसवली होती की, चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती सभ्य होई. पंपावर स्क्रू ड्रायव्हर जे करतो तेच तेथे विद्वान अभियंत्यांनी केले. परीक्षा केव्हा व कशी होणार हे परीक्षार्थीला आधीच ठाऊक असेल तर याहून वेगळे काय घडावे?

शासनाचा सारा भर मात्र प्रमाणपत्र जवळ आहे की नाही यावर राहिला. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविना वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला. परिणाम असा की, अनेक वाहने विम्याविनाच धावू लागतील व अपघातग्रस्तांचे हाल होतील, ही भीती पुढे आली, आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाला ती अट मागे घ्यावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा दहा हजार रुपयांपर्यंत गेली. दंड जितका जबर, तितकी प्रमाणपत्राची निकड मोठी आणि तितकाच स्क्रू चपळ. या साध्या हिशेबाकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

वस्तुतः कार्बुरेटर नीट लावून घेण्यात मालकाचाच फायदा आहे. फिल्टर साफ केला, प्लग बदलला, झिजलेली सुई व जेट नवे घातले आणि मग स्क्रू जुळवला, तर आकडाही उतरतो आणि पेट्रोलचा खर्चही. म्हणूनच नापास गाडीला जागच्या जागी फेरचाचणी न देता गॅरेजातून दुरुस्ती करून आणण्यास सांगावे, पहिल्या नापास चाचणीचे आकडे पुसू न देता नोंदीत ठेवावेत, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या गाड्यांपैकी काहींना पंधरवड्याने रस्त्यात अचानक थांबवून पुन्हा तपासावे. फेरतपासणीत ज्या केंद्राच्या गाड्या वारंवार नापास ठरतील त्याचा परवाना जावा. यासाठी नवा कायदा करण्यापेक्षा अंमलबजावणीची इच्छाच अधिक लागेल.

हा प्रश्न कालांतराने आपोआप मिटेल, असे परिवहन खात्यात कोणी म्हणेल. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्बुरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली, आणि तिला पंपावर फिरवण्याजोगा असा स्क्रू नसतो, हे खरे. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यात नोंदलेल्या मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे मार्च २०३५ पर्यंत आहे. आणि नोंदणी वाढवून घेण्याची सोयही कायद्यात आहे.