निरीक्षणगृहातील मुले आणि सरकारचा आगाऊ हिशेब

दिवाळीस माल किती लागेल, याचा अंदाज उल्हासनगरचा कापडव्यापारी दोन महिने आधीच बांधतो. गेल्या सालची खतावणी उघडून पाहिल्यावाचून तो मागणी नोंदवीत नाही. मग ज्या मुलांस कायद्याने आपल्या ताब्यात घ्यावयाचे, ती पुढील साली किती असतील, याचा अंदाज सरकारने का बांधू नये?

मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा 1924 साली झाला. आज 2015 चा बाल न्याय कायदा लागू आहे. मूल मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत चौकशी पुरी व्हावी, फार तर आणखी दोन महिने घ्यावेत, आणि तुंबलेल्या प्रकरणांचा आढावा दर तीन महिन्यांनी घेतला जावा, असे हा कायदा सांगतो. परंतु हा सारा हिशेब मागचा होय. पुढचा अंदाज मांडण्याची सक्ती त्यात नाही.

आमच्या भागास याची विशेष गरज आहे. बदलापूरची वस्ती 2001 साली सुमारे 98 हजार होती, ती 2011 साली 1 लाख 74 हजारांवर गेली. अंबरनाथ दोन लाखांवरून अडीच लाखांवर आले, आणि उल्हासनगरने पाच लाख ओलांडले. 2021 ची जनगणना तर झालीच नाही. जिल्ह्याचे निरीक्षणगृह भिवंडीस. तेथे ठेवलेल्या मुलास भेटावयाचे तर बदलापूरच्या मजूर आईस कल्याणास उतरून पुढे रस्त्याने जावे लागते व दिवसाची मजुरी बुडते. गृहात दाटी झाली, तर तिचा भार त्याच मुलावर पडतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 1997 साली कायदा करून एक मंडळ नेमले. सरकारी संस्थांत किती बालगुन्हेगार असतील, याचा अंदाज ते मंडळ अंदाजपत्रकासाठी देते. आमच्या विधिमंडळासही हे अशक्य नाही.

मात्र नुसती डोकी मोजून भागणार नाही. महिन्यास दहा मुले येत असतील व प्रत्येक सहा महिने राहत असेल, तर साठ खाटा लागतात. तीच मुले तीन महिन्यांत मोकळी झाली, तर तीस पुरतात. म्हणजे जामीन व चौकशी वेळेवर झाली, तर नवी इमारत न बांधताही जागा होते. अंदाजाचा खरा उपयोग हाच. तो खाटा वाढविण्याचे निमित्त होऊ नये.

दुसरे भय याहून मोठे आहे. 1871 च्या कायद्याने जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि तो कलंक कायद्यातून पुसण्यास 1952 साल उजाडले. म्हणून अंदाज संख्येचा असावा. अमुक वस्तीचे वा अमुक घरचे मूल गुन्हा करील, असे भाकीत त्यात कदापि येऊ नये.

तेव्हा असा अंदाज दर वर्षी अंदाजपत्रकासोबत सभागृहापुढे ठेवण्याची सक्ती करणारे विधेयक आणावे, अशी आमची या तिन्ही नगरांच्या आमदारांस विनंती आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास लोक हसतात. परंतु येथे तहानेने व्याकूळ होणारे मूल आपलेच आहे, हे विसरून चालणार नाही.