टेकडीवरची वाट कोणाची?

चालणे हा राजकारणाचा विषय नव्हे, असे मानण्याकडे पक्षकार्यकर्त्यांचा सर्वसाधारण कल असतो. मोर्चा आणि पदयात्रा सोडल्यास पायांचा विचार चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा येत नाही. सकाळच्या प्रहरी टेकडी चढणे हा निवृत्तिवेतनधारकांचा आणि मधुमेहींचा प्रांत, अशी थट्टाही बैठकींतून ऐकू येते. थट्टेत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. तथापि ज्या शहरात एखाद्या श्रमिकाला खिशातून दमडी न काढता दीड-दोन तास झाडांच्या सावलीतून हिंडता येते आणि त्याच फेरीत शहराचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास पायांखालून जातो, त्या शहरातील ती वाट ही सार्वजनिक संपत्ती होय. आणि संपत्ती म्हटली की ती कोणी निर्माण केली, तिचा उपभोग कोण घेतो व तिच्यावर डोळा कोणाचा आहे, हे प्रश्न ओघानेच येतात.

पुणे हे अशा वाटांचे शहर आहे. त्यांतील सर्वांत सोपी आणि सर्वांत बोलकी वाट सारसबाग, पर्वती व तळजई अशी जाते. तिला ना गिर्यारोहणाचे कसब लागते, ना विशेष पादत्राणे. शाळकरी पोर आणि त्याची आजी, दोघांनाही ती झेपते.

सारसबाग हे मुळात तळे होते. शहरातून वाहणारा आंबील ओढा नानासाहेब पेशव्याने वळविला आणि पर्वतीच्या पायथ्याशी हे तळे बांधविले. तळ्यातील बेटावर 1784 मध्ये गणपतीची स्थापना झाली. पुढे तळे बुजून त्याची बाग झाली, तरी देवाचे नाव ‘तळ्यातला गणपती’ असेच राहिले. येथून चालत काही मिनिटांत पर्वतीच्या पायऱ्या लागतात. माथ्यावरचे देवदेवेश्वराचे मंदिर 1749 मध्ये नानासाहेबानेच बांधले, आणि पानिपतच्या आघातानंतर 1761 मध्ये त्याचा अंतही याच टेकडीवर झाला. पायऱ्या एकशे तीन. हत्ती चढावा म्हणून त्या रुंद ठेवल्या असे सांगतात. आज त्यांवर हत्तीऐवजी पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतील मुले धापा टाकीत धावताना दिसतात, आणि हा बदल वाईट नव्हे.

पायथ्याशी रमणा होता. श्रावणात तेथे ब्राह्मणांना कोंडून, मोजून दक्षिणा वाटली जाई. या दातृत्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तो पैसा रयतेच्या साऱ्यातून आणि मुलूखगिरीतून येत होता. माथ्यावरून शहर जसे एका दृष्टिक्षेपात दिसते, तसेच ते 5 नोव्हेंबर 1817 रोजी दुसऱ्या बाजीरावालाही दिसले असले पाहिजे. त्या दिवशी खडकीची लढाई त्याने येथूनच पाहिली. राज्य हातचे जात असता राज्यकर्ता टेकडीवरून पाहत होता, ही गोष्ट पर्यटकांना हौसेने सांगितली जाते.

जी गोष्ट हौसेने सांगितली जात नाही ती याच पायऱ्यांची आहे. ऑक्टोबर 1929 मध्ये पुण्यातील अस्पृश्य समाजाने पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज त्याचे पुढारी होते. काकासाहेब गाडगीळ आणि तरुण एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही त्यात उतरले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, मारहाण झाली. सुशिक्षितांचे, सुधारकांचे, संस्थांचे म्हणून मिरविणारे पुणे त्या दिवशी दगड घेऊन उभे होते. दरवाजा तेव्हा उघडला नाही. पंढरपूरच्या विठ्ठलासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले ते 1947 साल, आणि मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तोही त्याच वर्षी. म्हणजे ‘सर्वांसाठी खुली’ म्हणून जी वाट आज गृहीत धरली जाते, ती निसर्गाने खुली ठेवली नव्हती आणि पेशव्यांनी तर नव्हतीच नव्हती. ती माणसांनी मार खाऊन खुली केली. साने गुरुजींच्या नावाचे राष्ट्र सेवा दलाचे स्मारक याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. तेथे शिबिराला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी या पायऱ्या दाखविल्या, तर बौद्धिकातील पाऊण तास वाचेल.

पर्वतीच्या मागील अंगाने टेकडीची रांग तळजईकडे सरकते. पाचगाव-पर्वतीचे हे वनखात्याचे क्षेत्र. शहराच्या ऐन कुशीत, बसगाड्यांचा आवाज पुरता मावळण्यापूर्वीच, मोराचा टाहो ऐकू येतो. पण या वनाविषयीही थोडा खुलासा आवश्यक आहे. पुण्याच्या टेकड्या मूळच्या घनदाट अरण्याच्या नव्हेत. गवत, बाभूळ, मोई, सालई, असे हे विरळ रान. आज जी दाट हिरवळ दिसते तिचा मोठा भाग लावलेल्या गिरिपुष्पाचा आहे. हा मध्य अमेरिकेतला वृक्ष लवकर वाढतो व गुरे त्याला फारशी तोंड लावीत नाहीत, म्हणून खात्याने तो सढळ हाताने लावला. त्याच्या गर्दीखाली गवत नीट धरत नाही आणि मूळच्या झाडांना जागा उरत नाही. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात, ते नाव खात्याच्या नावापेक्षा अधिक शास्त्रीय वाटते. दुसरीकडे, पाण्याचे डबे खांद्यावरून वर नेऊन कडुनिंब, वड, पिंपळ जगविणारे सामान्य नागरिकही याच टेकड्यांवर आहेत. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात फुकट केलेला श्रम शून्य धरला जातो. झाड तोडून विकले की मात्र उत्पन्न वाढते. अर्थशास्त्राच्या या विकृतीचे उदाहरण विद्यार्थ्याला हवे असेल तर तळजईवर जाण्यास हरकत नाही.

पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे, आणि प्रश्नाचा गाभा येथे आहे. टेकडीप्रेमी मध्यमवर्ग या वस्तीकडे पाहून नाक मुरडतो व ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द उच्चारतो. धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या, इमारती बांधणाऱ्या माणसांना शहराने कामावर घेतले; निवाऱ्याची सोय मात्र केली नाही, म्हणून ती उतारावर चढली. शहरातील अतिरिक्त मोकळी जमीन ताब्यात घेऊन तीतून दुर्बल वर्गाला घरे मिळावीत, यासाठी 1976 मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. महाराष्ट्रात तो धड राबविला गेला नाही, आणि 2007 मध्ये रद्दच करण्यात आला. ज्यांनी जमीन सुटू दिली नाही त्यांना कोणी अतिक्रमक म्हणत नाही.

शिवाय टेकडी बिघडली की तिचा दंड कोण भरतो? सप्टेंबर 2018 मध्ये मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील संसार वाहून गेले. ती निव्वळ देखभालीतील हयगय होती. परंतु 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री जे घडले त्याचा संबंध टेकड्यांशी आहे. कात्रजच्या बाजूने येणारा आंबील ओढा, तोच पेशव्याने वळविलेला, एका पावसात फुगला. अरण्येश्वर, सहकारनगर भागांत पाणी घुसले, भिंत कोसळली, माणसे दगावली. डोंगराचा उतार गवताने व झाडांनी झाकलेला असेल तर पावसाचे पाणी थबकत, मुरत खाली येते. उतारावर काँक्रीट झाले आणि ओढ्याच्या पात्रात भराव पडले की तेच पाणी घटकाभरात अंगावर येते. वरच्या उतारावर बांधकामाची परवानगी एकाला मिळते आणि खालच्या वस्तीत पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते. पुढे जून 2021 मध्ये, ऐन पावसाळ्यात, ओढ्याच्या कामासाठी म्हणून दांडेकर पुलाजवळची घरे पाडण्यास सुरुवात झाली आणि न्यायालयाच्या स्थगितीनंतरच ती कारवाई थांबली. ‘टेकडी वाचवा’ म्हणणारे किती नागरिक त्या दिवशी तेथे गेले, आणि झोपडीवासीयांचे किती पुढारी टेकडीच्या प्रश्नावर कधी बोलले, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी स्वतःशीच द्यावे.

शहराच्या पश्चिमेची दुसरी वाट थोडक्यात सांगता येईल. फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखले व त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी देशसेवेची शपथ घेतली आणि भारत सेवक समाज जन्मास आला. तेथून हनुमान टेकडीवरून खाली उतरावे, सेनापती बापट रस्ता ओलांडावा, आणि पलीकडच्या वेताळ टेकडीवर चढावे. शहरातील हा सर्वांत उंच माथा, सुमारे 800 मीटर. मध्ये जो रस्ता ओलांडावा लागतो त्याच्या नावात एक कडवट विनोद दडलेला आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणाखाली जाऊ नयेत म्हणून मुळशीत सत्याग्रह करणाऱ्या सेनापती बापटांचे नाव ज्या रस्त्याला दिले, त्याच रस्त्यावरील बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून नवा रस्ता काढण्याची योजना महापालिकेने अनेक वर्षे पुढे रेटली. टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याचेही प्रस्ताव आले. याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. वाहतुकीची कोंडी फुटावी हे योजनेचे समर्थन. परंतु मोटारींसाठी रस्ता वाढविला की मोटारी वाढतात, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. बसगाड्यांची संख्या दुप्पट करण्याचे धैर्य जिला नाही, ती महापालिका डोंगर फोडण्याचे धैर्य दाखविते, यावरून रस्ता कोणासाठी हवा आहे ते कळते. त्याच टेकडीच्या पायथ्याचे गोखलेनगर 1961 च्या पानशेत पुरानंतर बेघर झालेल्यांसाठी वसले. तेथील रहिवाशांच्या दारात मोटारी किती आणि बसचे पास किती, हे कोणी मोजलेले नाही.

जमिनीच्या अर्थकारणाकडे आता वळले पाहिजे. टेकडीलगतच्या इमारतीत, जिच्या खिडकीतून झाडी दिसते, ती सदनिका महाग विकली जाते. ती झाडी बिल्डरने लावलेली नसते. समाजाने राखलेल्या मोकळ्या जागेमुळे शेजारच्या जमिनीचे मोल वाढते आणि ती वाढ जमीनमालकाच्या पदरात पडते. अभिजात अर्थशास्त्रज्ञांनी हिलाच अनर्जित वाढ म्हटले. गंमत अशी की या मोलाचा मोह पुढे त्याच टेकडीवर चढतो. पुण्यात 1997 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांतील सुमारे 978 हेक्टर टेकड्या जैववैविध्य उद्यानासाठी राखण्याचा निर्णय झाला. त्यासाठीही नागरिकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले व शासनाची मान्यता 2015 मध्ये आली. मालकांना मोबदला म्हणून जो टीडीआर देऊ केला तो त्यांना अपुरा वाटतो. छोट्या शेतकऱ्याच्या बाबतीत ही तक्रार रास्त आहे आणि त्याला न्याय मिळालाच पाहिजे. ज्यांनी आरक्षण पडणार हे ठाऊक असताना स्वस्तात गुंठे गोळा केले, त्यांच्यासाठी डोळे ओले करण्याचे कारण नाही.

युरोपातील श्रमिक चळवळीला हा विषय परका वाटला नव्हता. व्हिएन्नातील समाजवाद्यांनी 1895 मध्येच ‘निसर्गमित्र’ संघटना काढली, कारण कारखान्यातील माणसाला रविवारी रान मिळाले पाहिजे असे त्यांना वाटले. इंग्लंडात 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे तरुण कामगार जमीनदारांनी शिकारीसाठी बंद ठेवलेल्या किंडर स्काउट पठारावर बंदी मोडून चढले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. मजूर पक्षाच्या सरकारने 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा व रानावनांतील प्रवेशाचा कायदा केला, त्यामागे त्या चालण्याची पुण्याई होती. किंडर स्काउटचे साल पर्वतीच्या सत्याग्रहाहून तीन वर्षांनी अलीकडचे आहे. पुण्याच्या कार्यकर्त्याला यासाठी विलायतेकडे पाहण्याची गरज नाही.

मुख्य अडचण मात्र वेळेची आहे. आठ तासांचा दिवस ही मागणी करताना कामगारांनी आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, असा हिशोब मांडला होता. आज कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घरोघरी पार्सले पोचविणारा तरुण यांच्या दिवसात तो तिसरा हिस्सा उरलेलाच नाही. बारा तासांची पाळी करून आलेल्या रखवालदाराला टेकडी मोफत आहे असे सांगणे ही क्रूर चेष्टा ठरते. वनखात्याच्या कुंपणांना दारे आहेत आणि दारांना वेळा आहेत. त्या वेळा सकाळी नऊ वाजता कामावर जाणाऱ्याला, किंबहुना कामावर जावयाचेच नसलेल्याला, सोयीच्या असतात. स्त्रियांची गोष्ट तर आणखी निराळी. जनता वसाहतीतील बाई दिवसातून दोनदा टेकडी चढते ती पाण्याचा हंडा किंवा बाजाराची पिशवी घेऊन, आणि त्याला फिरणे म्हणत नाहीत.

म्हणून पक्षाच्या शहर शाखेने मागण्या एकत्र मांडाव्यात. टेकडीवर एक वीट चढू नये व रस्ता जाऊ नये. उतारावरील वस्तीला, हलवावयाचेच असेल तर, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पक्के घर आधी मिळावे. प्रवेशाला कोणतेही शुल्क लावू नये. दारे सूर्यास्तानंतरही काही वेळ उघडी राहावीत, वाटेवर दिवा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. पर्वतीच्या पहिल्या पायरीशी 1929 च्या सत्याग्रहाची हकीकत, सत्याग्रहींच्या नावांसह, मोठ्या अक्षरांत कोरलेली असावी. नानासाहेबाचे नाव वर आहेच. आणि ज्या रविवारी सभा नसेल त्या रविवारी सकाळी सात वाजता सारसबागेच्या दारात जमावे. जनता वसाहतीतील कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी कळवावे म्हणजे तेही आपल्या मुलांना घेऊन येतील, कारण तळजईचे मोर त्यांच्या घरामागेच असूनही त्यांतील कित्येकांनी ते अद्याप पाहिलेले नाहीत.