गाळाच्या नोंदवहीत जिवाणू कुठे?

जर्मनीत एम्स नदीच्या मुखावर एम्डेन बंदर आहे. तिथला ड्रेजर गाळ ओढून घेतो, आपल्या हॉपरमध्ये, म्हणजे गाळ साठवायच्या कोठीत, त्याला हवा लागू देतो आणि पुन्हा त्याच बंदरात सोडून देतो. बिल पास करणाऱ्या कुणालाही हा वेडेपणा वाटेल. पण हवा मिळाली की प्राणवायूवर जगणारे जिवाणू फोफावतात, बुळबुळीत शर्करायुक्त स्राव सोडतात, आणि मातीचे कण त्यात लोंबकळत राहतात. खाली बसून घट्ट होत नाहीत. जहाजे या पातळ गाळातून बिनधास्त जातात. गाळ वाहू लागण्यासाठी लागणारा ताण 100 पास्कलच्या आत असला, की एम्डेनमध्ये ते पाणीच मानले जाते. रॉटरडॅमने मात्र घनमीटरला 1200 किलो ही घनतेची सीमा धरली.

घनता मोजणे सोपे, म्हणून ती सगळीकडे रुजली. पण तेवढ्याच घनतेचे दोन गाळ अगदी वेगळे वागू शकतात.

गंमत अशी, की असाच स्राव खाडीकाठी उलटे काम करतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल वर येतात, त्यांच्या स्रावाचा पातळ पापुद्रा कणांना बांधतो, आणि तो चिखल खरवडून न्यायला प्रवाहाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

खोलवर, प्राणवायू आणि सल्फेट दोन्ही संपले, की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. त्यांचा बुडबुडा मऊ चिखलात गोल राहत नाही, चिखल चिरत चपट्या चकतीसारखा वाढतो, हे कॅनडातील डलहौसी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. अशा वायूमुळे ध्वनिलहरी अडतात आणि खालचे थर सर्वेक्षणात झाकले जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रातही असा वायूभरला गाळ आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याच्या नोंदी केल्या आहेत.

हॅम्बुर्ग बंदराच्या गाळावरचे प्रयोग तर प्रयोगशाळांची झोप उडवणारे आहेत. हवाबंद ठेवलेल्या नमुन्यातले सेंद्रिय द्रव्य कुजत गेले तसा त्याचा ताठरपणा उतरला. म्हणजे पंधरवडाभर गोदामात पडलेला डबा उघडून जो आकडा मिळतो, तो बंदराचा असेलच असे नाही.

तेव्हा मुंबई-न्हावाशेव्यापासून कोकणातल्या छोट्या धक्क्यांपर्यंत, पुढच्या निविदेत तीन रकाने वाढवावेत: नमुना काढतानाचे तापमान, चाचणीपर्यंत गेलेले दिवस आणि सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण. खर्च नगण्य आहे. घनतेशेजारी गाळ वाहू लागण्याच्या ताणाचा आकडाही मागावा. तो ताण मोजणारे रिओमीटर काही दुर्मिळ यंत्र राहिलेले नाही.