काट्याची लबाडी

अमरावतीजवळच्या वलगावातून पेढी नदीच्या पुलाकडे पहाटे धावत निघणाऱ्या पोट्ट्यांना वजन वाढवायचं असतं. थोडं उजाडल्यावर त्याच रस्त्यानं फिरायला निघणाऱ्या त्यांच्या आयांना ते उतरवायचं असतं. डोक्यात मात्र दोघांच्याही एकच, प्रोटीन पावडरचा डबा. ‘प्रोटीन खाल्लं तं वजन वाढीन ना?’ असं पोरगं आशेनं विचारतं. ‘प्रोटीनमुये वजन तं नाही वाढत ना जी?’ असं माय धास्तीनं विचारते. उत्तर एकच आहे, आणि ते दोघांनाही रुचत नाही. नुसत्या प्रोटीननं कुणी जाड होत नाही. गरजेपेक्षा जास्त कॅलरी पोटात गेल्या की माणूस जाड होतो, मग त्या कुठूनही येवोत. एका ग्रॅम प्रोटीनला चार कॅलरी, भात-भाकरीतल्या पिष्टाच्या ग्रॅमलाही चारच, आणि तेला-तुपाच्या ग्रॅमला नऊ.

पण एवढं सांगून थांबलं की लोक लगेच काट्यावर उभे राहतात, आणि काटा या बाबतीत फार लबाड आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रानं पंचवीस निरोगी माणसांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खाऊ घातलं. रोज गरजेपेक्षा साधारण साडेनऊशे कॅलरी अधिक. तीन गट केले. एकाच्या आहारात पाच टक्के कॅलरी प्रोटीनमधून, दुसऱ्याच्या पंधरा, तिसऱ्याच्या पंचवीस. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. सगळ्यात कमी प्रोटीनवाल्यांचं वजन तीन किलोच्या थोडं वर वाढलं, बाकी दोघांचं सहा ते साडेसहा किलो. बघा, प्रोटीननं वजन वाढतं! असं म्हणून माय वरणाची वाटी बाजूला सारणार, तेवढ्यात पुढची ओळ वाचावी. चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच चढली, साडेतीन किलोच्या आसपास. फरक पडला तो चरबी वगळून उरणाऱ्या अंगात, म्हणजे स्नायू, पाणी वगैरेत. कमी प्रोटीनवाल्यांचं ते सातशे ग्रॅम घटलं, इतरांचं तीन किलोच्या आगंमागं वाढलं. काट्यावर ज्यांचं सगळ्यात बरं दिसत होतं, आतून त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं.

याचं कारण शरीराच्या हिशेबात आहे. चरबीला साठवायला जागा अमाप, प्रोटीनला कोठारच नाही. जास्तीचं आलं की यकृत त्यातला नायट्रोजन काढून युरिया करतं, तो लघवीवाटे जातो, उरलेला भाग इंधन म्हणून जळतो. त्यापासून थेट चरबी फार थोडी बनते. मात्र ते जळत असताना त्याच जेवणातलं तेल-तूप निवांत पोटाच्या घेरात जाऊन बसतं. शिवाय प्रोटीन पचवायलाच त्यातल्या वीस ते तीस टक्के कॅलरी खर्च होतात, पिष्टाला पाच-दहा, चरबीला फार तर तीन. वजन वाढवायचा याच्याइतका महागडा आणि कष्टाचा मार्ग दुसरा नसेल.

मग पोट्ट्यांचं वजन डब्यानं वाढतं कसं? ‘मास गेनर’च्या डब्याची मागची बाजू वाचा. आत सगळ्यात जास्त असतं ते बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली, झटकन साखर होणारी भुकटी. प्रोटीन त्यामानानं कमी. पोरगं हजारो रुपये मोजून भाताची पावडर पितं आणि अंग भरलं म्हणून आरशात पाहतं. बरं, हे सगळं कशासाठी? तर पोलीस भरतीसाठी. मुलांना भरतीत उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, १६०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक. यात वजनाला गुण कुठे आहेत? डब्यातून चढवलेली चरबी सोळाशे मीटर उचलून न्यावी लागते, एवढंच.

साधी व्हे पावडर ही वेगळी चीज आहे, हेही सांगितलं पाहिजे. ती म्हणजे दुधाचं चीज करताना उरलेलं पाणीच, वाळवलेलं. चांगल्या पावडरच्या तीस ग्रॅममध्ये वीस-चोवीस ग्रॅम प्रोटीन असतं. विष नव्हे. तरीही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत लोकांना प्रोटीन पावडर टाळाच म्हटलं, आणि मला ते पटतं. व्यायाम करणाऱ्याचंही पोट ताटातून भरता येतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

अमरावतीच्या आखाड्यांनी हे जुन्या काळी वेगळ्या रीतीनं अनुभवलं आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेली तिथली मंडळी डब्याविना घडली. पैलवानी खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. त्यात प्रोटीनपेक्षा चरबीच्या कॅलरी कितीतरी जास्त. बदाम तर वजनानं निम्मा चरबीच. दिवसभर जोर-बैठका आहेत तोवर ठीक. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही, आणि मग जुन्या पैलवानांची पोटं आपण लग्नाच्या पंगतीत पाहतोच.

माझी खरी काळजी पोट्ट्यांची नाही, आयांची आहे. पोषण संस्थेच्या हिशेबानं दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून दहा मिळतं, तीस ग्रॅम तुरीच्या डाळीतून साडेसहा. आणि घरात सगळ्यात पातळ वरण कुणाच्या वाट्याला येतं ते काही मी सांगायला नको. त्यातून वजन उतरवायचं म्हणून गुरुवार धरायचा आणि साबुदाण्याची उसळ खायची! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. प्रोटीन काय ते शेंगदाण्याच्या कुटातलं, आणि शंभर ग्रॅम दाण्यात पंचवीस ग्रॅम प्रोटीनबरोबर साडेपाचशेवर कॅलरी येतात. वजन वाढतं ते सोबत आलेल्या पाहुण्यांमुळे. तुरीच्या त्याच डाळीचे वाफवून फुणके केले आणि कढीशी खाल्ले तर हिशेब एक, तेलात तळून वडे केले तर दुसरा.

आणि सोयाबीन. वऱ्हाडानं कपाशीच्या जोडीला ते उरावर घेतलं, पण ताटात घेतलं नाही. ढीग मोंढ्यात जातो, तेल निघतं, प्रोटीननं ठासून भरलेली ढेप कोंबड्या खातात. किलोभर दाण्यात साडेतीनशे ग्रॅमच्या वर प्रोटीन. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न, आणि बाजारात पुष्कळदा तेवढेही हाती पडत नाहीत. कच्चं मात्र खाऊ नये, त्यातले काही घटक पचनाला आडवे येतात. भिजवून, नीट उकडून, वाळवून मगच दळावं. नऊ किलो गव्हाला एक किलो, याहून जास्त घातलं तर पोळीला वास येतो आणि घरची मंडळी नाक मुरडतात. नुसतं सोयाबीन गिरणीत नेऊ नका. त्यातल्या तेलानं जातं चिकटतं आणि गिरणीवाला बरोबर ओरडतो.