दहा रुपयांवरचं गुप्तधन

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. तिथली माती माळवदावर टाकायला चांगली, शेताला त्याहून चांगली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती गाड्या भरभरून नेली. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेल्या तेरच्या पांढरीत सातवाहनकाळातलं तगर हे शहर गाडलेलं आहे. मोठा पाऊस झाला की माती वाहून जाते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एखादं नाणं वर येतं. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी हे जमवण्याचा ध्यास घेतला. आज राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असलेलं तेरचं वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे.

तेरला जाणारे बहुतेक जण संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाकांच्या समाधीला जातात. संग्रहालयात वळलेच, तर तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला. तिच्या जातकुळीतली मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, म्हणजे व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला त्या इ.स. 79 च्या आधीच ती समुद्रापार गेलेली. मूर्ती पाहावीच. पण मी रेंगाळतो तो मातीच्या चकत्यांपाशी. रोमन नाण्याचा छाप मातीवर उठवायचा, वर दोरा ओवायला भोक ठेवायचं, भाजायचं आणि गळ्यात घालायचं. सोन्याचं नाणं ज्याला परवडत नव्हतं, त्याने रोमचा बादशहा मातीत मिरवला! व्यापार बाजारपेठेतून घराघरात शिरला होता, हे या चकतीइतकं स्पष्ट क्वचितच दुसरं काही सांगतं. आणि हे गाव पुढे एका कुंभार संताचं म्हणून ओळखलं जावं, हा योगायोग मला फार आवडतो.

‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असा हिशेब आहे. तगरचं कापड आडवाटेने गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. हे तगर म्हणजेच तेर, असं इंग्रज अभ्यासक फ्लीटने 1901 साली मांडलं. पुढे उत्खननंही झाली.

उत्खनन करणाऱ्यांची लामतुरेंसारख्यांच्या संग्रहांबद्दल एक रास्त तक्रार असते. वेचून आणलेली वस्तू कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होतं, हे कळत नाही. तिचा अर्धा इतिहास जागेवरच राहतो. खरं आहे. पण पाऊस उत्खननाच्या परवान्याची वाट पाहत नाही. वेचलं नसतं तर यातलं बरंच काही नांगराखाली, सोनाराच्या मुशीत नाहीतर दलालाच्या पिशवीत गेलं असतं.

आज शेतात नाणी सापडली तर शेतकरी काय करतो? बहुधा गप्प बसतो. 1878 चा गुप्तधनाचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं जे काही जमिनीत सापडेल, ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. नाही कळवलं तर शिक्षा. दहा रुपये! तेवढ्यात आता चहाही अवघडच. शिक्षेचं कलम गावोगाव ठाऊक आहे. मूळ मालक कुणी ठरला नाही, तर सापडलेल्यातला तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, हे त्याच कायद्यातलं दुसरं कलम मात्र कुणी सांगत नाही. सरकारला वस्तू हवी असेल तर ती ज्या पदार्थाची आहे त्याच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ती घेता येते, हेही त्यातच आहे. पण नुसत्या पदार्थाच्या किमतीवर मोबदला ठरला, तर मातीच्या चकतीचे किती मिळणार? कायदा बदलायला हवा तो इथे.

तोवर एक काम मुंबईच्या परवानगीवाचून अडू नये. तेरसारख्या संग्रहालयात एक माणूस असा असावा, ज्याच्यापुढे शेतकऱ्याने मूठ उघडली तर तो आधी पोलीसपाटलाला फोन लावणार नाही. त्याने वस्तूचा फोटो काढावा, वहीत शेताचा गट नंबर, किती खोलीवर आणि कशाच्या कामात सापडली ते लिहावं, पोचपावती द्यावी आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्जही स्वतःच भरून द्यावा. त्या गट नंबरांवरून उद्या कुठे खणायचं ते ठरवता येईल. वस्तू कपाटात लागली, की पाटीवर सातवाहनांच्या खालोखाल ती आणून देणाऱ्याचं नाव लिहावं, त्याची हरकत नसेल तर. त्याच्या घरची माणसं ते बघायला येतीलच, आणि येताना आणखी कुणाला तरी घेऊन येतील.