पंचवीस आणि वीस पाच

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रभर त्याची खिल्ली उडाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या: जुनी नावं काढलेली नाहीत, दक्षिणेकडच्या भाषांत मुलं असंच मोजतात. ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. मुलं जिथे अडखळतात तिथे भाषा सोपी कशी करायची, हा त्यांनी मांडलेला प्रश्न अजून तसाच आहे, म्हणून यंदाचा विशेष विभाग त्यावर.

अडखळणाऱ्या मुलाशेजारी बसून पाहावं. बाई ‘पंचवीस’ म्हणतात, कानावर पाच आधी पडतो, तो ५२ लिहितो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, लिहायचे मात्र २९. वाचनातही तेच. ‘चिमणी’तली पहिली वेलांटी कागदावर ‘च’च्या आधी, उच्चारात नंतर, ‘सूर्य’मधला र म्हणायचा आधी आणि ठेवायचा ‘य’च्या डोक्यावर. बहुतेक मुलं हे सवयीनं पार करतात. काहींची सगळी ताकद इथेच संपते आणि आपण शेरा मारतो, ‘अभ्यासात लक्ष नाही’.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांच्या अडचणीचा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा, समावेश झाला. परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. ते हवंच. पण परीक्षा कधीतरी असते, पुस्तक रोज उघडावं लागतं.

‘हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाच्या उपस्थितीत वनस्पतींकडून होणाऱ्या अन्ननिर्मितीच्या प्रक्रियेस प्रकाशसंश्लेषण असे म्हणतात.’ या धर्तीचं वाक्य मोठ्यांनाही एका दमात पेलत नाही. तेच असं लिहिता येतं: ‘झाड आपलं अन्न स्वतः तयार करतं. त्यासाठी त्याला ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. हे काम हिरव्या पानात चालतं. या कामाला प्रकाश-संश्लेषण म्हणतात.’ अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा, शेजारी पानाचं चित्र. यात विज्ञान कुठे कमी झालं? उलट कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पहिल्या वाक्यात नव्हतेच! अवघड संज्ञाही राहिली, फक्त ती अर्थ कळल्यावर आली.

असे उतारे अनेक शिक्षिका रात्री जागून स्वतःच्या हातानं तयार करतात. पुढच्या वर्षी तो कागद कपाटात जातो, शेजारच्या शाळेतल्या बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. याची मला फार खंत वाटते. या विभागात असे काही पाठ जसेच्या तसे छापले आहेत. ते बेलाशक झेरॉक्स करून वर्गात वापरा, आणि तुमच्या कपाटातले आमच्याकडे पाठवा.