आधी तापमान, मग निकाल

उन्हाळा चढू लागला की संगणकदुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास रुजू होते: यंत्र सुरू होते, थोडा वेळ सुरळीत चालते आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडते, घटकाभर थांबून पुन्हा चालू करावे तर चालते आणि पुन्हा बंद पडते. या तक्रारीवर ‘विंडोज बिघडली आहे, फॉरमॅट करावे लागेल’ किंवा ‘मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या’ असा जो निकाल पुष्कळदा यंत्राचे तापमान एकदाही न पाहता दिला जातो, त्याला माझा स्पष्ट आक्षेप आहे. ज्या घरात सर्वांना मिळून एकच संगणक आहे, मुलीच्या परीक्षेचे अर्ज, वडिलांच्या दुकानाचे हिशेब आणि पंधरा वर्षांची छायाचित्रे त्या एकाच पेटीत साठलेली आहेत, त्या घराला असा विनातपास निकाल म्हणजे काही हजारांचा नाहक भुर्दंड असतो आणि कित्येकदा कायमचे नुकसानही.

प्रोसेसर काही उचलत नाही, काही फिरवीत नाही. त्यामुळे त्यात जेवढी वीज शिरते तेवढी अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. घरगुती संगणकातील ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे काही चौरस सेंटिमीटरांत सामावलेली ६५ वॅटची शेगडीच होय. ही उष्णता थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकच्या पात्यांत, तेथून पंख्याच्या वाऱ्यात आणि शेवटी कॅबिनेटच्या मागील जाळीतून खोलीत जाते, आणि या वाटेवर एका जागी जरी अडथळा आला तरी आतले तापमान चढू लागते. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते; ती गाठताच प्रोसेसर प्रथम आपली गती आपण होऊन कमी करतो आणि तरीही ताप वाढतच राहिला तर सर्व वीजपुरवठा तोडून टाकतो. ही तजवीज पूर्वी सर्वत्र नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांवरील हीटसिंक काढून दाखविले, तेव्हा पेंटियम ४ मंद होऊन तगला आणि त्या काळचा अ‍ॅथलॉन क्षणार्धात जळाला. म्हणून आज जे यंत्र तापून स्वतः बंद पडते ते बिघडलेलेच आहे असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. ते स्वतःचे रक्षण करीत असते.

तक्रार उन्हाळ्यातच का वाढते, हेही यावरून उमगते. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर काही ठराविक अंशांनी चढलेले असते, आणि काम तेच असेल तर हा फरक जवळजवळ कायम राहतो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असताना धुळीने कोंदलेला जो संगणक ८० अंशांवर कसाबसा निभावतो, तोच चंद्रपुरासारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपलीकडे जातो, खोली ४० अंशांची झाली की ९५ अंशांवर पोहोचतो. त्यातच आपण त्याला टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला पाठ टेकवून, वर विणलेले आच्छादन घालून ठेवतो. हे प्रेमाने केलेले असते, पण त्याने श्वास कोंडतो.

तपासाची रीत अवघड नाही. यंत्र खेळ किंवा चित्रफितीच्या वेळीच बंद पडते की नुसते उभे असतानाही, लगेच सुरू होते की विसावा घेतल्यावर, पहाटे टिकते आणि दुपारी नाही असे होते का, हे आधी विचारावे. मग सुरू होताना डिलीट अथवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जावे आणि तेथे नोंदलेले तापमान व पंख्याचे फेरे पाहावेत. काहीही काम चालू नसताना तेथेच आकडा ८० ओलांडून चढत असेल, तर पंखा थांबला आहे किंवा हीटसिंक आपल्या जागेवरून सुटला आहे, अशी जवळजवळ खात्री धरावी. इंटेलच्या जुन्या कूलरांच्या प्लॅस्टिकच्या चार खिळ्यांपैकी एक निसटलेला अनेकदा आढळतो. आकडा मात्र, विंडोजमध्ये तापमान दाखविणाऱ्या प्रोग्रॅमवर पाहिला असता, भर कामातही शांत असेल, तर तक्रारीचे मूळ अन्यत्र, म्हणजे रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) किंवा मदरबोर्डवरील फुगलेल्या कपॅसिटरांत, शोधावे.

सफाईसाठी प्लग काढावा, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिरविद्युत उतरवावी, आणि पंख्याची पाती बोटाने धरूनच ब्रश व ब्लोअर चालवावा, कारण मोकाट फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग बिघडते. वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. अधिक लावल्याने लाभ नाही. एसएमपीएस मात्र घरी कदापि उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, हे स्वागतार्ह आहे. तथापि, लॅपटॉपच्या पंख्यापर्यंत पोहोचण्यास डझनभर स्क्रू काढावे लागत असतील आणि झाकण उघडले म्हणून हमी नाकारली जाईल या भीतीने ग्राहक धूळही पुसत नसेल, तर तो हक्क अर्धाच राहील. केवळ सफाईसाठी झाकण उघडल्याने हमी बाद होणार नाही, असे उत्पादकाने लेखी द्यावे, आणि पंखा कसा साफ करावा याची मराठीतील सचित्र माहिती यंत्रासोबत द्यावी. दुकानदारांकडे माझी मागणी याहून लहान आहे. पावतीवर ‘सर्व्हिसिंग’ एवढेच न लिहिता दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्तीनंतरचे तापमान, भर कामाच्या स्थितीतले, अंशांत लिहावे. आणि या तपासाचा वेगळा मेहनताना मागितल्यास ग्राहकाने तो कुरकुर न करता द्यावा.